‘कार्ब क्लीनर मारा, लीक सापडेल’: जुन्या स्पोर्ट्स कारबद्दलच्या एका मेसेजचा प्रतिवाद

नागपुरात जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: ‘गाडी आयडलला थरथरली की व्हॅक्यूम लीक समजा. इंजिन चालू ठेवून पाइपांवर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मारा. रेस वाढेल तिथं लीक. तिथं सिलिकॉन लावा. लीक सापडला नाही तर ऑक्सिजन सेन्सर बदला आणि आयडल वाढवून घ्या. नागपूरच्या उन्हात रबर वितळतं, म्हणून दर उन्हाळ्यात सगळे पाइप काढून सिलिकॉनचे टाका. लीक असेल तर मायलेज निम्मं होतं.’

यातला एक सल्ला गाडी पेटवू शकतो, एक सल्ला चांगला सेन्सर फेकायला लावतो आणि बाकीचे खिसा रिकामा करतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. उदाहरणं बीएमडब्ल्यूची पहिली झेड४ (ई८५, एम५४ इंजिन) आणि पोर्शे बॉक्स्टर ९८६ यांची आहेत, पण तपासणीची रीत कुठल्याही जुन्या पेट्रोल इंजिनाला चालते.

‘थरथरली म्हणजे लीक’

थरथर अनेक कारणांनी होते. आरपीएमचा काटा स्थिर आहे आणि तरी स्टिअरिंग थरथरतंय, तर आधी इंजिन माउंटिंग बघा. हायड्रॉलिक माउंटिंगमधलं तेल गळून गेलं की असंच होतं. ठरावीक लयीत झटका बसतो, तर ते मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. प्लग आणि कॉइल बघा. काटा वरखाली हेलकावे खात असेल, म्हणजे गाडी हंटिंग करत असेल, तर मळलेला थ्रॉटल, अडकलेला आयडल व्हॉल्व्ह किंवा लीक, यांपैकी काहीही असू शकतं.

लीक म्हणजे थ्रॉटल किंवा हवा मोजणारा सेन्सर चुकवून आत शिरलेली हवा. ती किती शिरते, याचा हिशोब करता येतो. आयडलला मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यातला) दाब साधारण ३५ किलोपास्कल असतो आणि बाहेर नागपुरात ९७ च्या आसपास. एवढ्या फरकावर २ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून सेकंदाला सुमारे अर्धा ग्रॅम हवा जाते. अडीच-तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आयडलला साधारण ४ ग्रॅम हवा घेतं. म्हणजे न मोजलेली हवा झाली १२ टक्के. तेच इंजिन २५०० आरपीएमवर १२-१३ ग्रॅम घेतं, पण भोकातून येणारी हवा तेवढीच राहते. तिचा वाटा ४ टक्क्यांवर येतो. लीकची खरी ओळख ही आहे: आयडलला त्रास, रेस दिली की गाडी सुधारते.

हे बघायला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायचं यंत्र) पुरतो. गाडी पूर्ण गरम करा, एसी बंद करा आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरलेल्या इंधनात किती टक्के भर किंवा कपात करतोय ते आकडे) यांची बेरीज आधी आयडलला, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून लिहून घ्या. दोन्हीकडे ५ टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. आयडलला अधिक १८ आणि २५०० वर अधिक ४ असं काही दिसलं, तर गाडी एअर घेतेय, म्हणजे लीक आहे. उलटं दिसलं, म्हणजे आयडलला ठीक आणि रेस दिल्यावर आकडा चढतोय, तर लीक शोधत बसू नका. फ्युएल फिल्टर, पंप किंवा मळलेला मास एअर फ्लो (हवा मोजणारा) सेन्सर बघा. झेड४ आणि बॉक्स्टरमध्ये तीन-तीन सिलिंडरच्या दोन बँकांचे ट्रिम वेगळे दिसतात. दोन्ही चढलेले असतील तर लीक सामाईक जागी असणार (इनटेकचा रबरी बूट, क्रँककेसची हवा काढणारा व्हॉल्व्ह, ब्रेक बूस्टरची नळी). एकच चढला असेल तर त्या बाजूचं मॅनिफोल्ड पॅकिंग आधी तपासा.

आता एक नवी गल्लत. २०२३ पासून पंपांवर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून निव्वळ पेट्रोलसाठी जुळवलेली जुनी गाडी ई२० वर ६ ते ८ टक्के जास्त इंधन मागते. स्कॅनरवर हे हुबेहूब लीकसारखं दिसतं. फरक एवढाच की हा आकडा आयडलला आणि २५०० ला जवळपास सारखाच राहतो. दोन्हीकडे अधिक ७ दिसत असेल तर एकही पाइप उपसू नका.

मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असलेल्या गाड्यांत लीकची लक्षणं वेगळी असतात. तिथं आत शिरलेल्या हवेनं दाब वाढतो, ईसीयू त्या हिशोबानं इंधनही वाढवतो, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही आणि आयडल चढून बसतो. मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी) नाही म्हणून लीक नाही, असं त्या गाड्यांत म्हणता येत नाही.

स्कॅनर लागतच नाही अशा गाडीला व्हॅक्यूम गेज लावा. पुस्तकात आयडलसाठी १७ ते २१ इंच पारा दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा. नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे. इथं १ इंच वजा करून वाचा. काटा स्थिर आणि ३ ते ५ इंच खाली असेल तर लीक किंवा मागे पडलेलं टायमिंग. काटा फडफडत असेल तर व्हॉल्व्हकडे बघा.

‘कार्ब क्लीनर मारा, रेस वाढेल’

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त काळजी हवी. कार्ब क्लीनरमध्ये अ‍ॅसिटोन, टोल्युइन यांसारखी झटकन पेटणारी द्रव्यं असतात. मे महिन्यात दुपारी बॉनेटखाली, तापलेल्या एक्झॉस्टशेजारी आणि अल्टरनेटरच्या ठिणगीजवळ त्याचा फवारा उडवणं म्हणजे आगीला बोलावणं. बॉक्स्टरमध्ये तर इंजिन सीटच्या मागे बंद कप्प्यात असतं. वाफ साचते आणि ज्वाळा दिसेपर्यंत उशीर होतो.

धोका बाजूला ठेवला तरी ही तपासणी फसवी आहे. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू आयडल धरून ठेवतो. फवारा आत गेल्यावर रेस वाढू लागली की आयडल व्हॉल्व्ह ती लगेच दाबतो, त्यामुळे लीक असूनही काटा हलत नाही. उलट फवारा एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत तरंगत गेला तर लीक नसतानाही रेस बदलते. शिवाय हे द्रव्य जुनं रबर फुगवतं आणि बॉनेटच्या कडेचा रंगही खातं. इंजिन चालू ठेवूनच बघायचं असेल तर झाडांना पाणी मारायच्या बाटलीनं साधं पाणी मारा. वायरिंग आणि कॉइल टाळा. थेंबानं फट क्षणभर बुजते, सूं आवाज तुटतो आणि स्कॅनरवर शॉर्ट टर्म ट्रिम खाली येतो. नजर आरपीएमवर नको, ट्रिमवर हवी.

खरी तपासणी धुराची. इंजिन बंद आणि थंड हवं. इनटेकचा पाइप मास एअर फ्लो सेन्सरच्या पुढं सोडवून त्याचं तोंड बंद करा, मॅनिफोल्डच्या एखाद्या व्हॅक्यूम निपलमधून धूर सोडा आणि तो थ्रॉटलच्या दोन्ही बाजूंना पोचेल एवढा थ्रॉटल उघडा ठेवा. दाब ३५ ते ७० मिलिबार पुरे. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर ६-८ बारचा असतो. तो थेट जोडला तर क्रँकचे ऑइल सील सरकतात. घरगुती यंत्र बनवणाऱ्यांसाठी साधी युक्ती आहे: धुराच्या नळीला एक फाटा काढा आणि त्याचं टोक पीव्हीसी पाइपात भरलेल्या ५० सेंटिमीटर पाण्याच्या तळाशी बुडवा. दाब ५० मिलिबारच्या वर जाऊ लागला की हवा बुडबुड्यांतून निघून जाते. धूर मिनरल ऑइलचाच हवा; पेट्रोलच्या वाफेशी प्रयोग नको आणि ऑक्सिजनचा सिलिंडर तर मुळीच नको. पाच मिनिटं थांबा आणि टॉर्च तिरपा धरून बघा. सायलेन्सरमधून थोडा धूर आला तर तो उघड्या व्हॉल्व्हमधून आलेला असतो, त्याची चिंता नको.

एम५४ मध्ये धूर बहुतेक वेळा इथून निघतो: रबरी बुटाच्या घड्यांच्या खालच्या बाजूनं (वरून बूट नवा दिसतो, हातानं ताणल्यावर चीर उघडते), डिसा व्हॉल्व्हच्या (मॅनिफोल्डमधली हवेची वाट बदलणाऱ्या पाकळीच्या) ओ-रिंगमधून, डिपस्टिकच्या नळीच्या बुडाच्या ओ-रिंगमधून, ऑइल कॅपच्या सीलमधून आणि मॅनिफोल्डखाली लपलेल्या क्रँककेस व्हॉल्व्हच्या चार नळ्यांमधून. डिसा बाहेर काढलाच आहे तर त्याची पाकळी हलवून बघा. पिन ढिली असेल तर तुकडा इंजिनात जायच्या आधी दुरुस्त करा.

धुराला एक लीक दिसत नाही: ब्रेक बूस्टरचा. त्याचा चेक व्हॉल्व्ह दाब आला की बंद होतो. त्याची परीक्षा वेगळी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, घट्ट झाल्यावर दाबून धरा आणि स्टार्ट मारा. पेडल थोडं खाली जायलाच हवं. गाडी उभी असतानाच बूस्टरची नळी पकडीनं हलकेच दाबून बंद केल्यावर आयडल सुधारला, तर दोषी सापडला.

क्रँककेसचा व्हॉल्व्ह आतून फाटला असेल तर तोही धुरात नेहमी उघडा पडत नाही. ऑइल कॅपच्या जागी छिद्राचा बूच बसवून त्याला पारदर्शक नळी जोडा आणि तिचं दुसरं टोक पाण्यात बुडवा. दोन्ही इंजिनांत आयडलला पाणी साधारण १० ते १५ सेंटिमीटर चढावं. दुप्पट चढलं तर व्हॉल्व्ह गेला. बॉक्स्टरमध्ये हाच भाग एअर-ऑइल सेपरेटर म्हणून ओळखला जातो. स्टार्ट करताना पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट आला तर आधी त्याच्यावरच संशय घ्या.

‘तिथं सिलिकॉन लावा’

तेलकट रबरावर सिलिकॉन धरत नाही, पेट्रोलच्या वाफेनं तो मऊ पडतो आणि सुटलेला तुकडा आत ओढला जातो. साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सरवर पांढरा थर चढवते, तो उतरत नाही. एम-सील कडक होतो, इंजिन हलतं आणि कडेला नवी चीर पडते. बूट फाटला असेल तर बूट बदला. मॅनिफोल्डचं पॅकिंग बदलताना दोन्ही पृष्ठं पट्टी आणि फीलर गेज लावून तपासा, ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर नवं पॅकिंगही एअर घेईल. बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं कसा.

‘ऑक्सिजन सेन्सर बदला, आयडल वाढवा’

स्कॅनरवर दिसणारे पी०१७१ आणि पी०१७४ हे कोड सेन्सर बिघडल्याचं सांगत नाहीत. मिश्रण लीन आहे आणि ईसीयूची भर घालायची मर्यादा संपली, असं ते सांगतात. बहुतेक वेळा सेन्सर खरं बोलत असतो. बदलण्याआधी सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट फुंकत नाही ना आणि मिसिंग नाही ना, एवढं बघा. दोन्हींत जास्तीचा ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो. आयडलचा स्टॉप स्क्रू मात्र हलवू नका. थ्रॉटल पूर्ण मिटला, हे ईसीयू त्याच जागेवरून ओळखतो.

‘उन्हात रबर वितळतं, दर उन्हाळ्यात पाइप बदला’

रबर वितळत नाही, वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं कडक होतं. नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो हे खरं, पण बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापमान बाराही महिने असतं. आणि कडक झालेलं पॅकिंग एअर घेतं ते बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, पारा १० च्या आसपास असताना, कारण धातू आणि प्लास्टिक आकसतात. इंजिन गरम झालं की फट मिटते आणि गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी शहाणी होते. म्हणून धुराची तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करा.

सिलिकॉनचे पाइप कोरड्या व्हॅक्यूम लाइनला चालतात. क्रँककेसच्या लाइनला नाही. तेल त्यांतून पाझरतं आणि वर्षभरात पाइप फुगून क्लिपमधून निसटतो. तिथं तेल सहन करणारं, नायट्राइल किंवा एफकेएम रबरच हवं. मत्स्यालयाची किंवा वायपर वॉशरची पारदर्शक नळी तात्पुरतीसुद्धा नको, गरम झाली की व्हॅक्यूमनं चपटी होते. नळी घेताना आतला व्यास कॅलिपरनं मोजून घ्या, ३.५ मिलिमीटरच्या निपलवर ४ ची नळी आज बसते आणि महिन्यानं निघते. सगळ्या नळ्या एकदम उपसू नका. जुने प्लास्टिक निपल ओढताना तुटतात आणि एकाचे तीन लीक होतात. नळी अडकली तर लांबीत चिरून सोलून काढा.

मायलेज निम्मं होण्याचा दावा वरच्या हिशोबातच संपतो. वर्धा रोडवर ८० च्या वेगानं जाताना इंजिन सेकंदाला पंधरा-वीस ग्रॅम हवा घेतं, शिवाय मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूमही कमी झालेला असतो. त्यात तो अर्धा ग्रॅम कुठं दिसणार? मायलेज खरंच निम्म्यावर आलं असेल तर चिकटलेला ब्रेक, उघडा राहिलेला थर्मोस्टॅट किंवा गळणारा इंजेक्टर शोधा.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा, स्कॅनरनं अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करा आणि गाडी तीन-चार दिवस थंड-गरम दोन्ही स्थितींत चालवून ट्रिम पुन्हा लिहा. आयडल आणि २५०० यांतला फरक ३-४ टक्क्यांवर आला असेल तर काम झालं. अजून १० असेल तर दुसरा लीक शिल्लक आहे. धूर पुन्हा लावा आणि या वेळी मॅनिफोल्डखाली आरसा घालून बघा.