बाहेरचं

माझा एचबीए१सी ६.१ आला आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. हा आकडा म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा ताळेबंद. ५.७ च्या खाली असलात तर सुटलात, ६.५ ला पोचलात तर अडकलात. मी मधल्या ओसरीवर. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टवरून मान वर न करता सांगितलं, "घाबरायचं काही नाही. रोज चाला आणि बाहेरचं खाऊ नका."

चालायचं जमलं. पण महिन्यातून दोनदा मला ऑफिसच्या कामासाठी पुणं गाठावं लागतं, पहाटेच्या गाडीने जाऊन रात्रीच्या गाडीने परत. ठाण्याहून पुण्याला बाहेरचं काही न खाता जायचं म्हणजे पावसाळ्यात छत्रीशिवाय निघायचं आणि वर भिजायचं नाही म्हणायचं.

बायकोने मात्र हे काम अंगावर घेतलं. रविवारी संध्याकाळी आम्ही जांभळी नाक्याच्या मंडईत. काकड्या घेतल्या, गाजरं घेतली, पाऊण किलो पेरू घेतले. शेवटी लिंबं निवडताना भाजीवालीने विचारलं, "कोन आजारी हाय का घरात?"

"नाही हो, मिस्टर पुण्याला चाललेत."

"हां, मग बराबर," म्हणून तिने एक लिंबू वर टाकलं.

मूग शनिवारीच भिजले होते. सोमवारी पहाटे साडेचारला ते वाफवून, लिंबू पिळून एका डब्यात बसले. दुसऱ्या डब्यात नाचणीच्या दोन भाकऱ्या, तिसऱ्यात काकडी. दही मी हात जोडून नाकारलं. मागे एकदा त्याने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत मुक्काम केला होता आणि पुढचे दोन महिने मीटिंगमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची.

गोखले रोडवरून स्टेशनकडे निघालो तेव्हा रस्ता झोपेत होता, पण स्टेशनबाहेर पोह्यांच्या आणि उपम्याच्या पातेल्यांवरची झाकणं निघत होती. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने गेलो. फलाटावर आल्यावर मन थोडं डळमळलं, म्हणून स्टॉलवरून पौष्टिक बिस्किटांचा पुडा उचलला. पुढच्या बाजूला शेत, सूर्य, नाचणीची कणसं. मागे बारीक अक्षरात घटक. नियम असा आहे की जो घटक वजनाने जास्त, तो आधी लिहायचा. पहिला मैदा. दुसरी साखर. तिसरं पामतेल. नाचणी शोधायला मला चष्मा पुसावा लागला. यादीच्या तळाशी, मिठाच्या शेजारी, लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखी ती अंग चोरून बसली होती. पुडा परत ठेवला. स्टॉलवाला म्हणाला, "वाचनालय नाय हे, काका."

गाडी आली, खिडकी मिळाली. कल्याणला समोर एक आजी-आजोबा येऊन बसले. नातवाच्या बारशाला चिंचवडला निघाले होते. ही माहिती मला तीन मिनिटांत मिळाली, बाळाच्या वजनासकट. बदलापूर गेल्यावर मी डबा उघडला.

मोड आलेले मूग फार गुणी. पण तासाभराहून जास्त बंद डब्यात कोंडलेले मूग काय बोलतात ते नाकालाच कळतं. पलीकडच्या बाकावरच्या पोराने आईला मोठ्यांदा विचारलं, "आई, गाडीत काहीतरी ओलं राहिलंय का?" मी झाकण लावून बाहेरची शेतं पाहू लागलो.

आणि मग कर्जत आलं.

इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण माझ्या साखरेचं मूळ त्यात आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली आणि ३४ किलोमीटरवर, आमच्या ठाण्याला येऊन थांबली. बोरघाटातली गाडी सुरू झाली ती १८६३ साली. मधल्या दहा वर्षांतल्या ठाणेकरांचा मला हेवा वाटतो. गाडी होती, घाट नव्हता. घाटातला चढ ३७ फुटांत १ फूट, तो एका इंजिनाला झेपत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी इंजिनं जोडतात आणि तेवढा वेळ गाडी उभी राहते. गाडी उभी राहिली की माणूस रिकामा, आणि रिकाम्या माणसासमोर वडा. इंजिनं जोडून होईपर्यंत कर्जतच्या वड्याने कित्येक पिढ्या सांभाळल्या. भूक पोटाला लागते हे डॉक्टरांचं मत झालं. मला ती कर्जतला लागते. ठाण्यात भरपेट जेवून निघालो तरी.

वडेवाला खिडकीशी आला. कागदात दोन वडे, वर हिरवी मिरची, कागदाला पसरत चाललेला तेलाचा डाग. तो डाग आमच्या नकाशातल्या महाराष्ट्रासारखा दिसत होता, कोकणासकट. मी डोळे मिटले आणि मनात पाढे म्हटले. सतराच्या पाढ्यात सात सत्ते... म्हणजे सतरा सत्ते कितीला अडलो तेवढ्यात मागून धक्का बसला. इंजिन लागलं. गाडी हलली. मी जिंकलो होतो!

"किती मन मारलंत हो," आजी म्हणाल्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "शुगर का?"

"काठावर आहे."

"यांना तर आत येऊन अकरा वर्षं झाली." आजोबा खिडकीबाहेर पाहू लागले. आजींनी पिशवीतून चारमजली डबा काढला. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं गोड लोणचं आणि सर्वात वर बेसनाचे लाडू. "घ्या. बाहेरचं नाही, सगळं घरचं आहे."

मी थबकलो. डॉक्टरांचे शब्द नीट आठवून पाहिले. "बाहेरचं खाऊ नका." घरचं खाऊ नका असं ते म्हणाले नव्हते. आणि कुणाच्या घरचं, हे तर त्यांनी मुळीच स्पष्ट केलं नव्हतं. संशयाचा फायदा आरोपीला मिळतो.

चार पुऱ्या आणि दोन लाडू. तुपातले, दाणेदार, टाळ्याला चिकटणारे. त्या लाडवांपुढे कर्जतचा वडा म्हणजे पथ्यच होतं, हे लोणावळा आल्यावर ध्यानात आलं. पण तोवर बोगदे संपले होते आणि लाडूही.

माझ्याही डब्याचा मान राखायला हवा म्हणून आजींनी मूग मागून घेतले आणि ते सगळेच्या सगळे आजोबांच्या पुढ्यात ठेवले. "बघा, हे एवढे तरुण असून मूग खातात." आजोबांचा हात पुरीपर्यंत पोचला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ लावायला शब्दकोश लागत नाही. चिंचवडपर्यंत ते एकेक मूग चावत होते.

पुण्यातल्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही. दुपारी सहकाऱ्याच्या डब्यात पुरणपोळी होती. घरची.

परतीला मात्र मी सावध होतो. खरं तर स्टेशनवर धड खाणं मिळतंच, आपण त्याच्याकडे पाहत नाही इतकंच. केळी, भाजलेले शेंगदाणे, ताक. तिन्ही घेतलं आणि लोणावळ्यापर्यंत अगदी ऋषीसारखा बसलो. तिथे चिक्कीवाला चढला. मी साखरेचं कारण सांगितलं तर म्हणाला, "साखर कुठंय साहेब, गूळ आहे." गूळ काय नि साखर काय, रक्ताला त्यात फरक कळत नाही हे मला ठाऊक आहे. पण तो इतक्या विश्वासाने बोलला की वाद घालणं बरं दिसेना. शंभर ग्रॅमचंच पाकीट घेतलं. कल्याणच्या आधी ते संपलं.

घरी पोचलो तर बायको जागीच. "बाहेरचं काही खाल्लं नाहीस ना?"

"एक घाससुद्धा नाही. केळं आणि शेंगदाणे सोडले तर."

तिने कौतुकाने मान हलवली आणि घासायला टाकायला म्हणून मुगाचा डबा उघडला. मी विसरलोच होतो. रिकामा डबा परत देऊ नये, हे आजींना कुणी शिकवायला नको होतं. आत पेपर नॅपकिनवर दोन बेसनाचे लाडू बसले होते.

"हे कुणाकडचे?"

"कल्याणच्या आजींकडचे. घरचे आहेत."

तिने एक लाडू फोडला, वास घेतला, तुकडा तोंडात टाकला. "वेलदोडा जरा जास्त झालाय," म्हणाली आणि पुढचा तुकडा टाकला. लाडू संपल्यावर हात झटकून म्हणाली, "उद्या सकाळी उपाशीपोटी मशीनवर बोट. पळवाट नाही." उरलेला लाडू तिने फडताळातल्या अगदी वरच्या डब्यात ठेवला, स्टुलाशिवाय हात पोचत नाही तिथे.

रात्री अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघरात स्टूल सरकल्याचा आवाज आला. मी अंथरुणातच होतो.