जॅझमुळे गुल्दांचा हात बिघडला का?

नमस्कार दादा,

परभणीहून तुम्ही लिहिलंत, की पियानोवादक फ्रिडरिश गुल्दा दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहिले, जॅझने (ऐनवेळी सुचेल तसं वाजवण्यावर भर देणाऱ्या अमेरिकी संगीताने) त्यांचा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा हात बिघडवला, आणि मराठवाड्यात पेटी शिकणाऱ्या पोरांपुढे असा आदर्श ठेवणं चूक आहे. हे मला मान्य नाही.

आधी क्रम बघा. व्हिएन्नाच्या गुल्दांनी १९४६ मध्ये, सोळाव्या वर्षी, जिनिव्हाची संगीत स्पर्धा जिंकली. न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबात ते जॅझ वाजवायला बसले १९५६ मध्ये. बेथोव्हनच्या ३२ सोनाटांचं (एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या रचनांचं) त्यांचं गाजलेलं ध्वनिमुद्रण मात्र १९६७-६८ चं आहे. जलद चालींतही त्यात लय तसूभर हलत नाही. ही पक्की लय मला तरी जॅझचीच देणगी वाटते. जॅझमधल्यासारख्या ऐनवेळी सुचणाऱ्या वादनाचं मोझार्टलाही वावडं नव्हतं. त्याच्या २६व्या पियानो कॉन्चेर्तोच्या (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचनेच्या, १७८८) हस्तलिखितात डाव्या हाताच्या ओळी बऱ्याच ठिकाणी कोऱ्याच आहेत, दुसऱ्या भागात तर डावा हात लिहिलेलाच नाही. वाजवणारा तो भरेल हे गृहीत होतं.

तुमची भीती एका जागी खरी आहे. मध्यम लयीच्या स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या चालीत, अर्ध्या मात्रांची जोडी साधारण दोनास एक अशी लांब-आखूड पडते, लय वाढली की ती समान होत जाते. ही सवय मोझार्टमध्ये शिरली तर चाल लंगडते. उलट बाजूने शास्त्रीय वादक जॅझमध्ये फसतो तो डाव्या हातामुळे. तो प्रत्येक कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचा) मूळ स्वर खाली ठासून वाजवतो, तोच स्वर बास हे खर्जाचं तंतुवाद्य वाजवणारा वाजवत असतो, आणि सगळा गाळ होतो. तिथे डाव्या हाताने मूळ स्वरापासून तिसरा आणि सातवा स्वर धरला तरी कॉर्ड कळते. सूर लांबवणारा पायाखालचा पेडलही कमी लागतो.

आता आपल्या पोरांचं. पेटीवर आवाज भात्याने लहान-मोठा होतो, पट्टी कितीही जोरात दाबा, फरक पडत नाही. पियानोवर आवाज ठरतो पट्टी किती वेगाने खाली जाते त्यावर, आणि सूर लागल्या क्षणापासून विरत जातो. शिवाय पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असल्याने बोटांनी कोराच राहतो. म्हणून अंबाजोगाई-उदगीरच्या मुलानं पहिले काही महिने डाव्या हातालाच जास्त वेळ द्यावा. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड सुरांची ओळख करून देतो, पण बोटांना वजन कळू देत नाही. ८८ वजनदार पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शनचा (खऱ्या पियानोच्या हातोडीसारखं वजन बोटांना देणारा) डिजिटल पियानो घ्या. खरा पियानो परवडला तरी आपल्या उन्हाळ्यात लाकूड वाळून सूर उतरतो, पावसाळ्यात फुगून चढतो, आणि सूर लावणारा माणूस जवळपास मिळेलच असं नाही.

दोन्ही शैली एकाच बैठकीत मिसळू नका. सकाळी बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचा एक छोटा तुकडा, मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) प्रत्येक मात्रेवर, अर्ध्या मात्रा अगदी समान. संध्याकाळी जॅझसाठी मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, पण त्याचे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतात असं धरा, म्हणजे खरी लय १२० होते. सुरुवातीला हमखास ठोका उलटून पहिल्या-तिसऱ्यावर जातो. तसं झालं की थांबायचं, आधी नुसत्या टाळीने मात्रा धरायची, मगच पट्ट्यांना हात लावायचा.