मशीनवर बसण्याआधीचा अर्धा तास

सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांसाठी महिलांना शिलाई शिकवण्याचे काम मी गेली ९ वर्षे करते आहे आणि या काळात एक वाक्य सतत ऐकत आले आहे: "मॅडम, सांगत काय बसता, बायकांना मशीनवर बसवा, हात आपोआप बसेल."

सुरुवातीला मीही तेच करत होते. घरी पायमशीन चालवलेली बाई, मिनिटाला ५,००० टाक्यांपर्यंत जाणाऱ्या कारखान्यातल्या मशीनवर सवयीने पाय दाबे आणि कापड हातातून सुटून जाई. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की ती बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) काढून पुन्हा पुन्हा भरत बसे, कारण गुंता खाली दिसतो म्हणजे दोषही खालीच असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण राखणाऱ्या, चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो; कापड दाबून धरणारा फूट उचलून तो पुन्हा ओवला की काम भागते. एका काकूंनी या गुंत्यापायी तिसऱ्या दिवशी येणे बंद केले आणि तो दोष मी माझाच मानते.

आता पहिला अर्धा तास बायकांच्या हाती मशीन देतच नाही. मी स्वतः मुद्दाम चुकीचा दोरा ओवून गुंता करते, तो तुकडा सगळ्यांच्या हातात फिरवते आणि सांगते की हे तुमच्याकडूनही होणार आहे, झाले की आधी वर बघा. ("मशीनचे टेन्शन तपासा" म्हटले की "आमचं कोण तपासणार?" हे ठरलेले.) पहिले दोन दिवस नग मोजायचे नाहीत, दोरा कुठे आणि का तुटला एवढेच सांगायचे, हेही तेव्हाच ठरते.

१९९८ मध्ये प्रशिक्षणाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॅनिस कॅनन-बाउर्स, एदुआर्दो सालास आणि सहकाऱ्यांनी सरावापूर्वीच्या तयारीची रीतसर मांडणी केली. कशाकडे लक्ष द्यायचे, कोणते ध्येय ठेवायचे, प्रत्यक्षात काय अनुभवाला येईल, हे शिकणाऱ्याला आधी कळावे, हा त्यातलाच भाग आहे. शाल-श्रीफळाचे उद्घाटन आणि तासभराचे भाषण ही मात्र तयारी नव्हे. त्याने बायका फक्त कंटाळतात.

वेळापत्रकात हा अर्धा तास मी अजूनही 'मशीनची ओळख' या नावाने लिहिते, कारण 'तयारी' असे लिहिले की मालक सर्वात आधी तोच कापतात.