पाळकसाहेबांचा सोमवार

माझे पप्पा 31 वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर होते, नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत, म्हणून हे लिहितेय. रविवारी सकाळी मोठ्या चर्चची उपासना, मग एम एटी गाडीवर बसून दुपारी दुसऱ्या गावात, चारला तिसऱ्या, मधेच कुणाचा बाप्तिस्मा, कुणाच्या घरी आजाऱ्यासाठी प्रार्थना, आणि रात्री घरी आले की खुर्चीतच डोळा लागायचा. मम्मी खाली बसून त्यांच्या बुटाच्या नाड्या सोडायची.

मग सोमवार. सगळ्यांना वाटायचं आज पाळकसाहेब मोकळे असतील, त्यामुळे कुणाला अ‍ॅडमिशनसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा, कुणाच्या भावाभावांत बांधावरून भांडण, कुणाची सून माहेरी निघून गेलेली. एकदा ताटात बाजरीची भाकरी कुस्करून शेवग्याची आमटी ओतली आणि दार वाजलं. तास दीड तासाने पप्पा परत ताटावर बसले तोपर्यंत काल्याचा गोळा झालेला, वर तेल थिजलेलं. मम्मी म्हणाली गरम करून देते, ते म्हणाले राहू दे, आणि तसंच खाल्लं. येणारी माणसं वाईट नव्हती हो, मायेनंच यायची. पण पन्नाशीत पप्पांना अटॅक आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं शेवटची सुट्टी कधी घेतली होती, तर आम्हा कुणालाच सांगता येईना.

शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस पाळा, ही बायबलमधली चौथी आज्ञा आपण संडे स्कूलपासून पाठ करतो. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 5 व्या अध्यायात त्या आज्ञेत दास-दासीच काय, बैल आणि गाढवसुद्धा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावात बैलांची खांदेमळणी होते, हळद-तूप लावून खांदे चोळतात, दुसऱ्या दिवशी जू ठेवत नाहीत. मग पाळकाच्या खांद्याचं काय?

कुणी म्हणतं मत्तयाच्या शुभवर्तमानात, 12 व्या अध्यायात येशूनेच सांगितलंय की याजक शब्बाथ मोडूनही निर्दोष असतात. बरोबर आहे, पण त्याचा अर्थ पाळकाने रविवारी काम केलं तर दोष नाही एवढाच, बाकीचे सहाही दिवस राबावं असं तिथं कुठंय? मार्क 6 मध्ये शिष्यांना जेवायलासुद्धा सवड नव्हती तेव्हा येशू त्यांना म्हणाला एकांतात चला, थोडा विसावा घ्या. हां, लोक मागे आले आणि त्याने कळवळून त्यांना शिकवलं हेही तिथेच आहे, पण त्याच संध्याकाळी लोकांना निरोप देऊन तो डोंगरावर एकटा प्रार्थनेला गेला हे आपण वाचत नाही. आणि एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला होता तेव्हा देवाने त्याला उपदेश नाही केला, झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं.

गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 ला, नारायण मेघाजी लोखंडेंनी काही वर्षं झगडल्यावर. पाळक कुणाशी झगडणार? सुट्टी मागितली तर आळशी म्हणतील ही भीती, आणि राहायचं घर पण मंडळीचंच, म्हणजे चर्चच्या लोकांचंच. म्हणून ही सुट्टी मंडळीनेच द्यायची, ठराव करून, मिनिट्समध्ये लिहून.

आमच्या कमिटीत मी हा विषय लावून धरला आणि दोन महिन्यांपूर्वी पास झाला. सोमवारी पाळकसाहेबांचा फोन सेक्रेटरींकडे असतो. दाखले मंगळवारी. मयत किंवा हॉस्पिटलची इमर्जन्सी असेल तरच निरोप जातो, आणि मग बदली सुट्टी त्याच आठवड्यात. पाळकीणबाई परवा सांगत होत्या, मागच्या सोमवारी साहेब दुपारी दोन तास झोपले आणि उठून मुलीबरोबर कॅरम खेळत बसले.