झेवियर, इन्क्विझिशन आणि मराठी: एका फिरत्या मजकुराला उत्तर

फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाचीने शाळेच्या प्रकल्पवहीत एक मजकूर जसाच्या तसा उतरवला. तो तिला घरच्याच व्हॉट्सॲप गटावर मिळाला होता. त्यात म्हटले आहे की ख्रिस्ती धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर यांनी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणारे चर्चचे न्यायासन, चालवून माणसे जाळली, त्यांच्या जेझुइट या धर्मगुरूंच्या संघाने इथली मराठी संपवली आणि 1542 पासून आजतागायत गोव्याचे शिक्षण त्याच संघाच्या मुठीत आहे. हे मुलांच्या वहीत जात असेल तर गप्प बसणे मला शक्य नाही.

झेवियर डिसेंबर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारले. गोव्यातले ते न्यायासन 1560 मध्ये स्थापन झाले. त्यांनी 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून त्याची मागणी केली होती, एवढे मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते.

मराठी संपवल्याचा आरोप सर्वांत संतापजनक आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले, ते 1616 मध्ये राचोलला छापले गेले, आणि त्यातली मराठीची स्तुती आजही आपण अभिमानाने म्हणतो. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत देवळे पाडली गेली त्यात जेझुइटांचा हात होता, हे लपवण्याचे कारण नाही. खुद्द ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर तशी दुसरी का देत नाही. पुराणे हिरावली गेल्याची साक्ष आणि मराठीवरचे प्रेम एकाच ग्रंथात आहे. तो न उघडताच हा मजकूर लिहिलेला दिसतो. देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावी हा 1684 चा हुकूम तर व्हाइसरॉयचा होता.

शिक्षणाचे म्हणाल, तर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी काढलेल्या मराठी प्राथमिक शाळा कोणत्या जेझुइटाच्या मुठीत होत्या? पोर्तुगालने या संघाला 1759 मध्ये आपल्या सर्व मुलखांतून हाकलले, 1773 मध्ये पोपनेच तो बरखास्त केला आणि 1814 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. गोव्यातले इन्क्विझिशन मात्र, मधली चार वर्षे वगळता, 1812 पर्यंत चालूच होते. ते जेझुइटांचेच होते असे म्हणणाऱ्यांनी 1759 नंतर ते कोण चालवत होते, हे आधी सांगावे.