कैसराचं नाणं आणि नाबोथाचा मळा : एका मेसेजला उत्तर

निवडणूक जवळ आली की आमच्या वसईतल्या धर्मग्रामांच्या (पॅरिशच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. वर क्रूस, खाली जोडलेले हात आणि मध्ये मजकूर: 'खरा ख्रिस्ती राजकारणापासून दूर राहतो. प्रभू येशूने कैसराचे कैसराला द्यायला सांगितले. त्याचे राज्य ह्या जगाचे नाही. संत पौलाने सत्तेच्या अधीन राहायला सांगितले. राजकारण म्हणजे घाण. फादरांनी वेदी सांभाळावी. आपण मूठभर आहोत, आवाज केला तर त्रास आपल्यालाच. फक्त प्रार्थना करा आणि पुढे पाठवा.'

या वेळी तो मला माझ्या चुलतभावाने पाठवला. रोज सकाळच्या मिस्सेला जाणारा, कोणाच्या अडीअडचणीला धावणारा माणूस. त्याच्या श्रद्धेविषयी मला तिळमात्र शंका नाही, म्हणून तर अंगठा दाखवून मोकळं होता येईना. मेसेजमधला एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

पहिलं ते नाण्याचं. 'कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याआधी काय घडलं ते विसरूनच गेलोय. कैसर म्हणजे रोमचा बादशहा. धर्मनियमांचे कट्टर परूशी आणि हेरोद राजाच्या बाजूचे हेरोदी, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, त्या दिवशी येशूला पेचात पकडायला जोडीने आले. रोमला कर द्यावा की नाही? द्या म्हणावं तर लोक चिडतात, देऊ नका म्हणावं तर रोमन सुभेदार पकडतो. येशू म्हणाला, कराचं नाणं दाखवा. हे लक्षात घ्या, नाणं त्याच्याजवळ नव्हतं, विचारणाऱ्यांच्या कमरेला होतं. तो रोमचा दिनार. त्यावर तिबेरियस कैसराचं मुंडकं आणि भोवती तो 'दैवी ऑगस्टसचा पुत्र' असल्याची अक्षरं. येशूने विचारलं, हे चित्र कोणाचं?

हा प्रश्नच सगळ्याची किल्ली आहे. ज्याच्यावर ज्याची प्रतिमा, ते त्याचं. नाण्यावर कैसर आहे, तर नाणं त्याला द्या. मग देवाची प्रतिमा कशावर आहे? उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय, माणसावर. म्हणजे कर कैसराचा, पण माणूस कैसराचा नाही. रेशनच्या रांगेतली बाई, कोठडीतला कच्चा कैदी, वीटभट्टीवरचं पोर यांच्यावर देवाचा छाप आहे आणि कैसर त्यांच्याशी कसा वागतो ते विचारण्याचा हक्क त्या एका वाक्याने आपल्या हाती दिला. 'देवाचे ते देवाला' हा अर्धा भाग मेसेजमध्ये गाळलेला आहे. नजरचुकीने असेल, पण नेमका तोच गळला आहे.

आणखी एक गोष्ट. येशूच्या काळात गालीलातल्या कोळ्याला कैसर निवडता येत नव्हता. आपल्याला येतो. २६ नोव्हेंबर १९४९ ला आपण जे संविधान स्वीकारलं त्याची सुरुवात 'आम्ही, भारताचे लोक' अशी आहे. त्या 'आम्ही'त आपण आहोत. तेव्हा कैसराचं देणं चुकतं करायचं म्हटलं, तर त्यात करासोबत मतही आलं, ग्रामसभाही आली आणि प्रश्न विचारणंही आलं.

'माझे राज्य ह्या जगाचे नाही.' हे योहानाच्या शुभवर्तमानात येशू रोमन सुभेदार पिलाताला सांगतो आणि लगेच खुलासा करतो की ते या जगाचं असतं तर माझे सेवक लढले असते. म्हणजे त्या राज्याची रीत जगासारखी तलवारीची नाही. ते या जगाशी संबंधच ठेवत नाही, असं तो म्हणत नाही. तसं असतं तर 'तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही' ही प्रार्थना त्याने शिकवली नसती. ती आपण रोज म्हणतो. पृथ्वीवरही म्हणतो.

आता संत पौल. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सत्ताधाऱ्यांना फार आवडत आलाय. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीच्या समर्थकांनी तोच पुढे केला आणि १९८५ मध्ये तिथल्याच ख्रिस्ती धर्मगुरूंनी आणि ईशज्ञान्यांनी 'कैरोस' निवेदनात या वापराचा जाहीर समाचार घेतला. खुद्द पौल सत्तेशी कसा वागला ते बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पाहा. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक. उघड मारलंत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि आम्हाला बाहेर न्या. अधिकारी आले, घाबरले, विनवण्या करू लागले. पुढे कैसरियात न्याय मिळेना तेव्हा त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. नागरिकत्व कसं वापरायचं हे या माणसाला चांगलं कळत होतं. तेराव्या अध्यायातही तो अधिकाऱ्याला 'तुझ्या हितासाठी देवाचा सेवक' म्हणतो. सेवक म्हटला की त्याच्या सेवेचा हिशेब आला. आणि हिशेब देव आणि माणूस यांच्यात अडला, तर येशूचा शिष्य पेत्र याचं उत्तर त्याच पुस्तकात आहे: आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

पण मला खरं बोलायचंय ते 'राजकारण म्हणजे घाण' याविषयी, आणि त्यासाठी जुन्या करारातली एक गोष्ट सांगावी लागेल.

इज्रेल नावाच्या गावात नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता, राजवाड्याला लागून. अहाब राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने भाव चांगला देऊ केला. बदल्यात जमीन घे, नाहीतर रोख घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. राजा रुसून भिंतीकडे तोंड करून झोपला, जेवेना. मग ईजबेल राणीने कामाला हात घातला. तिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. उपवास जाहीर झाला, सभा भरली, दोन साक्षीदार उभे राहिले: याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. निकाल लागला. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचलं आणि जमीन राजाकडे गेली.

यात बेकायदा काय झालं ते दाखवा. मोहर खरी, सभा खरी, साक्षीदार नियमाप्रमाणे दोन. धर्मसुद्धा हाताशी घेतलेला, उपवासाच्या रूपात. गाव गप्प बसलं, कारण कागद पुरे होते. तेव्हा एलीया संदेष्टा त्या मळ्यातच जाऊन राजासमोर उभा राहिला आणि विचारलं: खून केलास आणि वतनही घेतलंस काय? एलीयाने राजकारण घाण म्हणून पाय मागे घेतला असता तर नाबोथाचं नावही उरलं नसतं.

वसईच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला नको. आमच्या वाड्यांच्या मागे बावखलं, म्हणजे छोटी तळी, होती, अजून काही आहेत. पावसाचं पाणी झिरपून साठणारी, चारी बाजूंना माड, कडेला केळी नाहीतर पानवेल. माझ्या लहानपणी रहाटाची कुरकुर ऐकत जाग यायची. बावखल भरलेलं असलं की आजूबाजूच्या विहिरी गोड राहत. एक एक करून त्यांत डेब्रिजचे डंपर रिकामे झाले. आमच्या शेजारचं बावखल तीन रात्रींत बुजलं. चौथ्या सकाळी तिथे सपाट लाल माती होती आणि कडेच्या आळूची पानं मातीखालून बोटभर वर आलेली दिसत होती. पुढच्या वैशाखात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागलं. आम्ही त्याच्यासाठी प्रार्थना केली, ती करायलाच हवी होती. पण डंपर कोणाच्या परवानगीने आले हे विचारायला आमच्यापैकी कोणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

'फादरांनी वेदी सांभाळावी' या मुद्द्यात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. धर्मगुरूने सत्तेचं पद घेऊ नये असं कॅथलिक धर्मसभेची १९८३ ची कायदेसंहिताच सांगते. अमेरिकेत रॉबर्ट ड्रायनन हे येशूसंघीय (जेझुइट) फादर दहा वर्षं तिथल्या संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य होते. १९८० मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आदेशानंतर त्यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. प्रवचनातून 'अमक्याला मत द्या' असं मला कोणी सांगितलं तर मी पहिला उठून बाहेर जाईन. धर्माच्या नावाने मतं मागायला आपला कायदाही मनाई करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी बहुमताने ही मनाई उमेदवाराच्या धर्मापुरती न ठेवता मतदाराच्या धर्मालाही लागू केली आणि तो खटला मुळात सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून आलेला होता. या मर्यादा मला आपल्या श्रद्धेच्या रक्षणासाठीही हव्याशा वाटतात. वेदी पक्षाच्या दावणीला बांधली की एलीया उरत नाही, राजवाड्यातले भाट उरतात.

पण पक्षाचा प्रचार वेगळा आणि नाबोथाची बाजू घेणं वेगळं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक चालवलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बाहेरच्या महाराष्ट्राला ते असे ठाऊक. आम्हाला ते हरित वसई संरक्षण समितीचे फादर म्हणून आधी ठाऊक. शेतजमिनी बांधकामाला खुल्या होत होत्या, विहिरींचं पाणी टँकरने विकलं जात होतं, दहशतीने लोकांची तोंडं बंद होती, तेव्हा झगा घातलेला हा माणूस मोर्च्याच्या पुढे होता आणि मागे चालणाऱ्यांत नुसते ख्रिस्ती नव्हते. त्यांना तेव्हाही सांगणारे होते की फादर, तुमचं काम मिस्सा करायचं.

याच्या उलट टोकाचा मेसेजही फिरतो, 'आपला माणूस निवडून आणा, आपली व्होट बँक दाखवा', आणि तो मला तेवढाच चुकीचा वाटतो. भारतीय ख्रिस्ती समाजाचा वारसा तसा नाही. माझगावच्या माथारपाखाडीत १८६४ साली जन्मलेले जोसेफ बाप्टिस्टा, लोकांचे काका बाप्टिस्टा, लोकमान्य टिळकांचे सहकारी होते. १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष तेच. कामगारांच्या लढ्यांत राहिले, पुढे मुंबईचे महापौर झाले. त्यांनी मागितलं ते साऱ्या देशाचं स्वराज्य. घटना समितीत अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, बंगालचे ख्रिस्ती. ब्रिटिशांच्या काळात ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ मिळालेले होते. मुखर्जींनी धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाच नकोत ही बाजू धरली आणि १९४९ मध्ये त्या गेल्या. आमच्याकडेही गावं महापालिकेतून वगळावीत म्हणून लोक पेटून उठले होते, तेव्हा २००९ ला वसईतून अपक्ष विवेक पंडित आमदार झाले. त्यांचा धर्म कोणता हे आमच्या गल्लीत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. जमिनीविषयी काय म्हणतात, ते विचारलं गेलं.

राहिलं भय. मेसेजमधलं हेच एक वाक्य मला मनापासून लिहिलेलं वाटतं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण शंभरात एकही भरत नाही. झारखंडच्या आदिवासींसाठी झिजलेले फादर स्टॅन स्वामी ८ ऑक्टोबर २०२० ला पकडले गेले. कंपवाताने हातात पेला धरवेना म्हणून त्यांना तळोजा तुरुंगात स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या रुग्णालयात, खटला उभा राहण्याआधीच, चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले. माझ्या भावाला भीती वाटते ती उगाच नाही, मलाही वाटते.

तरी त्याला एक विचारतो. पंडिता रमाबाई एकट्याच तर होत्या. हिंदू समाज त्यांच्यावर धर्मांतरासाठी रागावलेला आणि राज्य त्यांच्या नव्या धर्माच्या लोकांचं. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग रुग्णालयात बायकांना कसं वागवतात ते त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीर लिहिलं. गप्प राहणं त्यांना सोयीचं होतं. त्या आजारी बायकांसाठी मात्र दुसरं कोण लिहिणार होतं?

मुंबई महानगर प्रदेशाचा २०१६ ते २०३६ चा प्रारूप आराखडा आला तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या. आमच्या देवळाबाहेर रविवारी मिस्सेनंतर टेबल मांडलं होतं, मी फॉर्म भरून देत होतो. गठ्ठे बांधून वांद्र्याला पोचवणाऱ्यांत माझा हाच चुलतभाऊ होता. अर्धा दिवस रजा टाकून गेला होता. त्या दिवशी लाल लुगड्यातली आमच्या वाडीची एक आजी टेबलाशी आली. फॉर्म छापील होता. तिने मला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावला आणि मग विचारलं, यात आमच्या बावखलाचं नाव कुठे आहे? नव्हतं. रांग थांबवून ती घरी गेली, सातबारा घेऊन आली, आणि मी सर्व्हे नंबर समासात पेनाने लिहिल्यावर तिने खाली सही केली.