दाणा शिजत नाही, त्यात मिठाचा दोष नाही

«आजीच्या मडक्यातलं कडधान्य» नावाचा एक मजकूर आमच्या नात्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. त्याचं सांगणं असं: मीठ शेवटीच घाला, आधी घातलं तर दाणा कधीच शिजत नाही. भिजवलेलं पाणी फेकू नका, सगळं सत्त्व त्यातच असतं. राजमा असो की चवळी, मडक्यात घालून रात्रभर विझत्या निखाऱ्यांवर ठेवा, कारण कुकर अन्नाचा जीव घेतो. तरीही दाणा शिजला नाही तर चिमूटभर सोडा घाला. चुलीवरची चवळी मला मनापासून आवडते, म्हणूनच हा मजकूर वाचून गप्प बसवत नाही.

आधी राजम्याबद्दल, कारण तिथे प्रश्न चवीचा नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. हे प्रथिन खळखळ उकळीने मोडतं, नुसत्या कोमट आचेने मोडत नाही. उलट ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्याहून कितीतरी पट त्रासदायक ठरू शकतो. विझत्या निखाऱ्यांवर रात्रभर नेमकं हेच होतं: दाणा मऊ लागतो, म्हणून शिजला असं वाटतं आणि आपण तो लेकरांच्या ताटात वाढतो. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा. त्यानंतर हवा तितका वेळ मंद आचेवर ठेवा. मडकं चालेल, चूलही चालेल, फक्त आधी ही उकळी झाली पाहिजे. चवळी-मठाला हा धोका इतका नाही, पण «राजमा असो की चवळी» असं एका दमात लिहिणाऱ्याने हा फरक सांगायलाच हवा होता.

याच कारणाने कुकरला नावं ठेवणं मला पटत नाही. शिट्टीच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या जवळ जातं आणि वेळ थोडा लागतो. जीवनसत्त्वं लांबलेल्या उकळीतही कमी होतात.

आता मीठ. माझी आईही मीठ शेवटीच घालायची आणि मीही कित्येक वर्षं तसंच केलं. पण दाण्याची साल घट्ट राहते ती पेक्टिनला, म्हणजे सालीतल्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पदार्थाला, धरून बसलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल सैल होते. एक लिटर पाण्यात दोन सपाट चमचे मीठ घालून चवळी रात्रभर भिजवा, सकाळी धुऊन शिजायला टाका. दाणा लवकर शिजतो, सालही फारशी फुटत नाही.

मग दाणा का अडतो? आमच्याकडे त्याची कारणं घरातच असतात. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो. पत्र्याच्या खोलीतल्या कोठीत कडधान्य तो वैशाख काढतं आणि मग पावसाळ्याची दमट हवा खातं. उष्णता आणि ओल मिळून दाणा आतून बदलतो, आणि पुढे कितीही सरपण जाळलं तरी पातेल्यात गणंग, म्हणजे न शिजलेले टणक दाणे, उरतात. दिवाळीच्या सुमारास आलेली नवी चवळी आणि वर्षभर कोठीत राहिलेली चवळी शेजारी-शेजारी शिजवून बघा, एवढ्यावरच खात्री पटेल. दुसरं कारण बोअरचं जड पाणी. हंड्याला आतून पांढरा थर बसत असेल तर त्यातलं कॅल्शियम दाण्यालाही घट्ट करतं. अशा घरात भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं स्वच्छ पाणी वापरावं. तिसरं कारण चिंच आणि टोमॅटो. आंबट आधी पडलं की दाणा आहे तिथेच थांबतो. गूळही त्याला अडवतो. मिठावर आलेला आळ खरं तर यांच्यावर यायला हवा होता.

सोड्याने दाणा मऊ होतो हे खरं आहे. पण बी-१ जीवनसत्त्व त्याने नष्ट होतं, आणि हात जरा सैल पडला की रस्सा साबणासारखा लागतो. दाणा फारच जुना असेल तर भिजवणीच्या पाण्यात अगदी चिमूटभर घालून ते पाणी ओतून द्यावं. शिजत्या भाजीत मी सोडा घालणार नाही.

भिजवणीच्या पाण्यात थोडी जीवनसत्त्वं जातात, त्याबद्दल वाद नाही. पण पोट फुगवणाऱ्या राफिनोज-स्टॅकिओज या साखरांचाही काही भाग त्यातच उतरतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हे पाणी ओतलेलंच बरं. राजम्याचं तर ओतायचंच.

आमच्या घरी चवळी अशी होते: मिठाच्या पाण्यात भिजलेला दाणा धुऊन, उकळीला आणून बोटाने चेपेल इतका शिजवायचा. तोवर निखाऱ्यात भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं पाट्यावर वाटायचं, काळ्या मसाल्यासोबत तेल सुटेपर्यंत परतायचं आणि दाणा त्याच्याच पाण्यासकट त्यात सोडायचा. चिंचेचा कोळ सगळ्यात शेवटी, कळण्याची भाकरी तव्यावर पडली की.